गडावरून गडाकडे

बीड जिल्ह्याचे दोन भाग शाळेच्या भूगोलात शिकवले जातात. उत्तरेला गोदावरीच्या काठाकाठाने पसरलेली गंगथडी आणि दक्षिणेला उंचावरचा बालाघाट. मोटारीतून जाणाऱ्याला खिडकीबाहेरचा रंग तेवढा बदललेला दिसतो. काळी जमीन मागे पडते, तांबूस मुरूम वर येतो. सायकलवाल्याला तो बदल आधी मांड्यांत कळतो. डोळ्यांना सपाट वाटणारा रस्ता पायडलवर जड होऊ लागतो, श्वास वर चढतो, आणि कडेच्या उसाची जागा तुरीने आणि बाजरीने कधी घेतली ते मान वर केल्यावर लक्षात येतं. पायी चालणाराही हा चढ अंगावर घेतो, पण संध्याकाळपर्यंत त्याची एखाद-दुसरी शीव ओलांडून होते. सायकलवर एका दिवसात गंगथडीचं टोक, मधली नदी आणि वरचा डोंगर अशी सगळी उतरंड पाहून होते, आणि तीही आपल्याच पायांच्या बळावर.

या जिल्ह्यातला मला सगळ्यांत प्रिय रस्ता गडांचा आहे. बीडजवळचा नारायणगड, जिल्ह्याची हद्द ओलांडताच खरवंडीजवळ येणारा भगवानगड, पाटोद्याच्या डोंगरातला गहिनीनाथगड, आष्टीकडचा मच्छिंद्रनाथगड. या गडांना तट नाहीत, बुरूज नाहीत, तोफा नाहीत. टेकडीच्या माथ्यावर समाधी किंवा देऊळ, पुढे सभामंडप, वीणा घेऊन उभा राहिलेला वारकरी, मागे चुलाणावर रटरटणारी आमटी आणि येईल त्याला पंगत. महाराष्ट्रातल्या सायकलवाल्यांच्या तोंडी सह्याद्रीतल्या घाटांची नावं असतात, कोकणातल्या सागरी रस्त्याचं नाव असतं. बीडचं नाव कुणी घेत नाही. दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण एवढ्या तीन शब्दांत हा जिल्हा आटोपला जातो. हा अन्याय आहे आणि तो मला मनापासून टोचतो.

निघावं बीडमधून, आणि निघण्याआधी कंकालेश्वर पाहावा. पाण्याच्या कुंडात मधोमध उभं असलेलं हे काळ्या दगडाचं जुनं देऊळ पहाटेच्या उजेडात आधी पाण्यात दिसतं आणि मग वर दिसतं. वेळ असेल तर सोलापूरच्या रस्त्याला थोडं उलटं जाऊन खजाना विहीरही पाहावी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली आणि राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने तिची रचना केली. जमिनीखालच्या बोगद्यांतून विहिरीत पाणी येतं आणि बोगद्यातूनच ते पुढे शेतांकडे जातं. मोट नाही, पंप नाही, फक्त जमिनीच्या उताराचं अचूक गणित. जहागिरीचा खजिना तिच्यावर खर्ची पडला म्हणून हे नाव पडलं, असं लोक सांगतात. जिथे वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बऱ्याच वर्षी दगा देतो, तिथे चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी या जमिनीचा चढउतार इतक्या बारकाईने जाणला होता. दिवसभर तोच चढउतार पायांनी मोजायचा असेल, तर सुरुवात या विहिरीपाशी व्हावी हे मला योग्य वाटतं.

बिंदुसरा नदीवरचा पूल मागे पडला की शहर लवकर संपतं. कार्तिक-मार्गशीर्षातली सकाळ असावी. तुरीला पिवळा फुलोरा आलेला असतो, कापसाची बोंडं उमललेली असतात, आणि ज्वारी गुडघा-मांडीएवढी होऊन वाऱ्यावर सळसळत असते. हवेत धुरकट गारवा असतो. त्यात कुठे गोठ्याचा, कुठे चुलीवर भाजणाऱ्या भाकरीचा, कुठे ओल्या कडब्याचा वास. हे वास वस्तीगणिक वेगळे असतात, आणि सायकलचा वेग इतका बेताचा असतो की एक वास संपून दुसरा सुरू झाल्याचं कळतं. आवाजांचंही तसंच. तारेवरचा कोतवाल, बांधाआडून ओरडणारा तित्तिर, दूर कुठेतरी विहिरीवरची मोटार सुरू झाल्यावर पाइपातून पडणारं पाणी, आणि या सगळ्याखाली आपल्या चेनची बारीक किरकिर.

रस्त्याच्या कडेला पारावर बसलेले म्हातारे लांबून हात करतात.

“माउली, गडाला का?”

“हो, गडालाच.”

“मग च्या घ्या आधी. म्होरं चढ हाय.”

मोटारीतल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. काच खाली असली तरी विचारत नाही. सायकलवरचा माणूस घामाघूम असतो, त्याला तहान लागलेली दिसते, आणि गावाला तेवढं पुरतं. मग कुठून आलात, कुठं जाणार, पोरंबाळं किती, पाऊसपाणी कसं, हे सगळं होतं. चहाचे पैसे द्यायला गेलं तर हात धरतात. ‘माउली’ हे संबोधन तर इथे नाव विचारायच्या आधीच मिळतं, आणि त्यामुळे पुष्कळदा आडनाव विचारायचं राहूनच जातं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आडनावाने या जिल्ह्यात हल्ली बरंच काही ठरू लागलं आहे.

नारायणगडाला इकडे धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांचं हे स्थान. गडाची पायी दिंडी आषाढीला पंढरपूरला जाते, आणि ज्यांना तिकडे जाणं जमत नाही ते आषाढी एकादशीला इथे येतात. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, पेरणीत अडकलेले शेतकरी, ज्यांच्या घरी गुरांना पाणी दाखवायला दुसरं कुणी नाही असे लोक. भीमेच्या वाळवंटापर्यंत न पोचणाऱ्यांसाठी कुणीतरी या माळावर पंढरी आणून ठेवली, हा विचारच किती मायेचा आहे. एरवीच्या दिवशी मात्र गड शांत असतो. शेवटच्या चढाला बहुतेक सायकलवाले खाली उतरतात आणि सायकल हाताने ढकलत नेतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. देवाच्या दारात चालतच जावं. वर पोचलं की आधी वाऱ्याची झुळूक येते, मग धूपाचा वास, मग टाळांचा आवाज. ओसरीच्या थंड फरशीवर पाठ टेकून पडलं की चारही बाजूंची शिवारं खाली पसरलेली दिसतात आणि आपण आलो तो रस्ता त्यांतून निघालेला दिसतो.

तो रस्ता इथे संपत नाही. पाटोदा तालुक्यातल्या सावरगावात, सानपांच्या घरात, १८९६ साली आबाजी नावाचा मुलगा जन्मला. विठ्ठलाच्या ओढीने तो नारायणगडावर आला. गडाच्या माणिकबाबांनी त्याला आपला शिष्य केलं, भगवान हे नाव दिलं, आणि पुढे तो याच नारायणगडाचा महंत झाला. मग हा गड सोडून भगवानबाबा पश्चिमेला गेले आणि खरवंडीजवळच्या डोंगरावर त्यांनी नवं स्थान उभं केलं. तोच आजचा भगवानगड. १९६५ साली संत भगवानबाबांनी देह ठेवला. सावरगाव, नारायणगड, भगवानगड ही तीन नावं नकाशावर रेघेने जोडली तर एका माणसाच्या आयुष्याचा रस्ता तयार होतो. आज आपण डांबरी सडकेवरून ज्या वाटांनी जातो, त्यांच्याच आसपासच्या पायवाटांनी ते टाळ-मृदंगासह गावोगाव फिरले, लोकांना माळ घालायला लावली, मांसाहार-दारू सोडायला लावली, पोरांना शाळेत घाला म्हणून सांगितलं.

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याला, या रस्त्यावर दोन ठिकाणी एकाच दिवशी दोन अफाट मेळावे भरले. नारायणगडावर मनोज जरांगे पाटील यांचा मराठा आरक्षणासाठीचा, आणि भगवानबाबांच्या जन्मगावी, सावरगावच्या भगवानभक्तीगडावर, पंकजा मुंडे यांचा. लाखांनी माणसं जमली. दोन्हीकडच्या माणसांची गाऱ्हाणी खरी होती. कोरडवाहू शेती, हाताला काम नाही, शिकलेल्या पोरांना नोकरी नाही. पण त्या काळात जिल्ह्यात माणसामाणसांत जो दुरावा आला, तो चहाच्या टपरीवरसुद्धा जाणवायचा. हा गड यांचा आणि तो गड त्यांचा, असं बोललं जाऊ लागलं. मी त्या बोलण्याला कधी मान हलवू शकलो नाही. एका गडाचा महंत उठून दुसरा गड उभारतो, तेव्हा ते दोन गड एकाच परंपरेचे असतात. सायकलवरून एका गडावरून दुसऱ्याकडे गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मधल्या एकाही गावात त्याला अशी जागा सापडत नाही, जिथे एका बाजूची माती संपून दुसऱ्या बाजूची सुरू होते. नारायणगडाचा, भगवानगडाचा आणि गहिनीनाथगडाचा फिरता नारळी सप्ताहही याच गावांतून फिरतो. यंदा या गावाने नारळ घेतला, पुढच्या वर्षी त्या गावाने. सप्ताहाच्या पंगतीला भाकरी घरोघरून गोळा होतात आणि एकाच ढिगात पडतात. कुणाच्या चुलीवरची भाकरी कुणाच्या पानात गेली हे कुणाला कळत नाही.

दूर स्पेनमध्ये असा एक रस्ता आहे. मी तो पाहिलेला नाही, वाचला आहे, आणि वाचताना मला सतत बालाघाट आठवला आहे. सांतियागो दे कोंपोस्तेला हे तिथलं पंढरपूर. मध्ययुगापासून युरोपभरचे यात्रेकरू पिरेनीज पर्वत ओलांडून, कास्तीयाच्या उघड्या पठारावरून, गव्हाच्या शेतांमधून, जुन्या दगडी गावांमधून तिकडे चालत गेले. विसाव्या शतकात ही यात्रा जवळजवळ विझली होती. वाटा झाडोऱ्यात हरवल्या होत्या. ओ सेब्रेइरो नावाच्या डोंगराळ खेड्यात एलीआस वालीन्या नावाचे एक पाद्री होते. १९८४ साली त्यांनी पिवळ्या रंगाचे डबे घेतले आणि ठिकठिकाणी, झाडांवर, दगडांवर, गोठ्यांच्या भिंतींवर, वाट दाखवणारे पिवळे बाण रंगवत ते निघाले. आता वर्षाला चार लाखांहून जास्त माणसं त्या बाणांच्या मागे जातात. चालत जाणाऱ्याने निदान शेवटचे १०० किलोमीटर आणि सायकलवाल्याने २०० किलोमीटर केले, की त्याला यात्रा पुरी झाल्याचं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे सायकलवाला तिथे पाहुणा नाही, यात्रेकरूच मानला जातो. वाटेतली ओस पडत चाललेली खेडी या माणसांमुळे तग धरून आहेत. कुणी खोली भाड्याने देतो, कुणी जेवण करून वाढतो, कुणी पंक्चर काढतो. कायद्यानेही त्या देशात मोटारवाल्याला सायकलच्या पुढे जाताना निदान दीड मीटर अंतर सोडावं लागतं.

ते दीड मीटर मला नारायणगडाहून पुढे शिरूर कासारकडे जाणाऱ्या रस्त्यावर हटकून आठवतं. दिवाळीच्या मागेपुढे या रस्त्यावर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर लागतात. दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत पाचटाच्या कोप्या उभारायला लागणारे बांबू, पाण्याचे ड्रम, पिठाचे डबे, शेळ्या, कोंबड्यांचे खुराडे, आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती सहा महिन्यांच्या कोयत्यावर फेडायची असते. आईच्या मांडीवरचं मूल ट्रॉलीतून सायकलवाल्याकडे टक लावून बघतं. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि अंधार पडल्यावर मागून येणाऱ्या वाहनाला त्या दिसत नाहीत. अशा अपघातांत दर हंगामात माणसं जातात. सायकलवाल्याच्या जिवापेक्षा त्या ट्रॉलीतल्या लेकरांचा जीव मला जास्त अडकवून ठेवतो. चार रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांचा खर्च असा किती येतो?

त्याच रस्त्यावर दहाच्या सुमाराला शाळेच्या मुली सायकलींवर भेटतात. मानव विकास कार्यक्रमातून दुर्गम भागातल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यातल्याच बऱ्याच असतात. दोन वेण्या, लाल रिबिनी, कॅरिअरवर दप्तर, आणि तिघी-चौघी बरोबरीने बोलत चाललेल्या. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रातला सगळ्यांत कमी आकडा. त्या वर्षी पाळण्यात असलेल्या मुली आज शाळा-कॉलेजांत आहेत. चढ आला की त्या सीटवरून उठून उभ्या राहतात आणि सगळं अंग पायडलवर टाकतात, बोलणं मात्र थांबत नाही. माझ्या शेजारून एक जण सहज पुढे निघून जाते आणि वळून हसते. या जिल्ह्यात सायकल चालवण्याचं सगळ्यांत मोठं सुख कोणतं, असं कुणी विचारलं तर मी त्या हसण्याचं नाव घेईन.

शिरूरला सिंदफणा भेटते. उन्हाळ्यात तिचं पात्र इतकं कोरडं असतं की त्यात पोरं क्रिकेट खेळतात, आणि २०२५च्या सप्टेंबरात हीच नदी गावाच्या बाजारपेठेत शिरली होती. पुढे डोंगर जवळ येतात. खरवंडीकडे जाताना वारा समोरून आला तर हाल होतात. भगवानगडाचं शिखर बराच वेळ दिसत राहतं आणि जवळ येत नाही. दक्षिणेला वळून गहिनीनाथगडाकडे गेलं तर सगळ्यांत सुंदर भाग लागतो. सीताफळीची झुडपं कुणी न लावता डोंगरभर पसरलेली, आश्विन-कार्तिकात डोळे उघडलेली फळं टोपल्यांत घेऊन बसलेल्या बाया, मधूनच रस्ता ओलांडणारा मोर. नायगावचं मयूर अभयारण्य याच पाटोदा तालुक्यात आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याची खरी चव कळते ती चढ चढून आल्यावर दगडावर बसून, बिया शेजारी टाकत, एकामागून एक खाताना.

पाटोदा, लिंबागणेश, मांजरसुंबा या पट्ट्यातल्या माळांवर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. स्पेनच्या ला मांचा प्रांतात, कोन्सुएग्रा गावाच्या टेकडीवर, जुन्या पांढऱ्या पवनचक्क्यांची रांग आहे. चारशे वर्षांपूर्वी सर्व्हांतेसच्या कादंबरीतल्या डॉन किहोतेने अशाच पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला रोखला होता. आमच्या माळावरच्या पात्यांच्या सावल्या दुपारी रस्त्यावरून सरकतात, आणि सायकल त्या एकेक करून ओलांडते. ज्या वाऱ्याने मांड्या भरून आणल्या तोच वारा वर वीज करतो आहे, हे कळल्यावर त्याच्यावरचा राग जातो. गहिनीनाथगडावर वामनभाऊ महाराजांची समाधी आहे. ज्या गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना अनुग्रह दिला, त्यांचं नाव या गडाला. निवृत्तीनाथांकडून ज्ञानदेवांकडे आणि तिथून सगळ्या मराठी मुलखात जे गेलं, त्याच्या आरंभाचं एक नाव या आडरानातल्या डोंगरावर राखलेलं आहे, आणि तिथवर जाणारा रस्ता दिवसातले कित्येक तास मोकळा असतो.

१७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गासाठी माणसांनी आयुष्यभर वाट पाहिली. पहिली गाडी बघायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. राजुरी आणि रायमोहाची स्टेशनं गडांच्या या मुलखातच आहेत. बाहेरच्या माणसाला इथे यायला आता सबब उरलेली नाही.

तर या. कार्तिकात या, ज्वारी हुरड्यात असताना पौषात या, चैत्रात नारळी सप्ताह असेल त्या गावाला या. महागडी सायकल लागत नाही, घरातली चालेल. दोन बाटल्या पाणी, पंक्चरचं सामान आणि मागे एक लाल दिवा एवढं बरोबर असू द्या. आणि बीड, शिरूर, पाटोद्याच्या ग्रामपंचायतींना, कॉलेजांतल्या पोरापोरींना, गडांच्या विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे. नारायणगडापासून भगवानगडापर्यंत आणि तिथून सावरगाव, गहिनीनाथगडापर्यंत, प्रत्येक फाट्यावर, मैलाच्या दगडावर, पाराच्या भिंतीवर, वाट दाखवणारा एकेक बाण रंगवा. रंग कोणताही चालेल, फक्त तो सगळ्या गडांना एकच असावा.